सातबारा ते श्टुटगार्ट

मराठी घरात मोठ्या खर्चांची जागा ठरलेली असते. मुलांची शाळा आणि पदवी हे आईवडिलांचं कर्तव्य. त्यावर चर्चा होत नाही, फक्त कुरकुर होते. लग्न ही हौस. त्यावर कुरकुर होत नाही, फक्त चर्चा होते. घर ही गरज. त्यासाठी वीस वर्षं हप्ते भरायचे असतात हे आपण इतकं मान्य केलंय की हप्ता संपलेला माणूस जरा बेवारशासारखा दिसतो. या सगळ्यांच्या मध्ये पदव्युत्तर शिक्षण येऊन उभं राहिलं की घर गोंधळतं. कर्तव्य म्हणावं तर मुलगी आधीच इंजिनिअर झालेली आहे. हौस म्हणावी तर तीस लाखांची हौस चारचौघांत बोलून कोण दाखवणार? आणि गरज म्हणावी तर शेजारचा मुलगा बी.ई. वरच थांबून गाडी घेऊन मोकळा झालेला असतो. सोळा संस्कार सांगणाऱ्यांनीही एम.एस.साठी जागा ठेवलेली नाही.

बरं, या शिक्षणाचा भाव विचारायला जावं तर तोही एका ठिकाणी एक नसतो. गेट देऊन एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर सरकार तुम्हालाच महिना १२,४०० रुपये देतं. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी महिना ३७,०००. त्याच देशात, त्याच वयाच्या मुलाला व्यवस्थापन शिकायचं असलं आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये नंबर लागला तर दोन वर्षांचे पंचवीस लाखांच्या आसपास तोच मोजतो, वर पेढेही तोच वाटतो. आणि मराठीत एम.ए. करायचं ठरवलं तर सरकारी विद्यापीठाची वर्षाची फी इतकी कमी असते, की पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला ज्ञानापेक्षा कॉट महाग पडते. ज्ञानाची किंमत कमी झाली म्हणून कोणी एम.ए. मराठीकडे धावत मात्र नाही.

पुण्याला ही कॉटची अडचण जुनी आहे. पूर्वी गरीब मुलं माधुकरी मागत, वार लावून जेवत. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी दात्यांकडे, अशी आठवड्याची तरतूद असे, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी विद्यार्थी अभ्यासात विशेष गढलेला दिसे. पुढे वसतिगृहं आली, १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ आली. या सगळ्यांत एक गोष्ट बरी होती. मदत करणाऱ्याला तुमचं तोंड दिसत होतं. भुकेला पोरगा दारात उभा राहिला की त्याच्याकडून कोणी तीन वर्षांचं आयकर विवरणपत्र मागत नसे.

विवरणपत्राचं मला एकदम आठवायला कारण आहे. माझी ताई कराडला दिली. दाजी शेतकरी, चार एकर बागायत, सगळा ऊस. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, सिव्हिल इंजिनिअर झाली. कृष्णा-कोयनेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली मुलगी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगली-कोल्हापूरकडे जो हाहाकार केला, तो हिने डोळे फाडफाडून पाहिला आणि पाणी हाच विषय धरला. पूर कसे येतात, धरणातून पाणी कधी सोडावं, किती सोडावं, याचं पुढचं शिक्षण घ्यायचं आणि ते परदेशात घ्यायचं, असं तिने एका दिवाळीत जाहीर केलं. करंज्या तळून व्हायच्या होत्या. ताईने झारा तसाच धरून विचारलं, “इथल्या पाण्याला काय झालंय?”

त्या दिवाळीत घरी आलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: “स्कॉलरशिप घे की!” आपल्याकडे स्कॉलरशिप ही घ्यायची वस्तू आहे. चुलतमावशी तर म्हणाल्या, “आमच्या शेजारच्याला मिळाली बाई, फुल्ल.” हा शेजारचा ‘फुल्ल’ मुलगा महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात असतो. त्याला प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

भाची मात्र कामसू. तिने शिष्यवृत्त्यांची यादी केली आणि मला फोनवर वाचून दाखवली. चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा, फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्सला तीन वर्षांचा. हिची नोकरी लागून जेमतेम सहा महिने झालेले. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या चांगल्या, पण त्यांना विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या दोनशेत लागतं. हिला जिथे पाण्याचा अभ्यासक्रम आवडला होता ते श्टुटगार्ट विद्यापीठ त्यात बसत नव्हतं. पाण्याला रँकिंग कळत नाही, पण शासन निर्णयाला कळतं. युरोपातल्या इरास्मस मुंडुसमध्ये पूर-व्यवस्थापनाचाच एक अभ्यासक्रम आहे, महिना १,४०० युरो मिळतात, चार देश फिरवतात. तिथे हिचं नाव राखीव यादीत लागलं. राखीव यादी म्हणजे काय, हे ताईला समजावताना मी म्हणालो, “म्हणजे कोणी नाही आलं तर हिला बोलावतील.” ताई म्हणाली, “मग कोण न येणारंय तिथं?” कोणी न आलेलं राहिलं नाही.

जे. एन. टाटा एंडाउमेंटचा पर्याय मीच सुचवला. १८९२ पासून चालू आहे, के. आर. नारायणन त्या पैशांवर लंडनला शिकले. पहिल्याच वर्षी निवडलेल्या दोघीही बायका आणि दोघीही डॉक्टर: फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. दाजींना कोल्हापूरचं नाव ऐकून एकदम विश्वास वाटला. पण ती रक्कम कर्जाऊ असते, शिकून झाल्यावर परत करायची असते, हे कळल्यावर त्यांचा विश्वास जरा मागे सरला. “मग ती स्कॉलरशिप कशी?” मी म्हणालो, “पुढच्या पोराला द्यायची असते म्हणून.” दाजी बराच वेळ गप्प बसले. त्यांना पटलं होतं, पण पटल्याचं दाखवायचं नव्हतं.

शिष्यवृत्तीवर शिकणं म्हणजे आयतं शिकणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांचा खर्चाचा हिशेब एकदा पाहावा. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दिले ते महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, आणि अभ्यास अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये परतावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले तर हुद्दा मिळाला, पण राहायला कोणी जागा देईना. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्या पगारातून शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने, असं जमवून १९२० मध्ये पुन्हा लंडन. डी.एस्सी. झाली १९२३ मध्ये. जगातल्या इतक्या मोठ्या विद्वानालाही शिक्षणासाठी एक महाराज पुरले नाहीत. दोन महाराज, एक नोकरी आणि एक मित्र लागला. आमच्या भाचीला महाराज मिळायचा काळ गेला होता. उरली नोकरी, तीही सहा महिन्यांची, आणि मित्रमंडळी, तीही सगळी अर्ज भरण्यात गुंतलेली.

अर्ज भरणं हा स्वतंत्र उद्योग आहे, हे मला तेव्हा कळलं. अमेरिकेचा नाद करायचा तर जीआरई २२० डॉलर, व्हिसाचे १८५, त्यांच्या सेविस नावाच्या नोंदवहीत नाव घालायचे ३५०. अजून विमान दिसलेलं नाही. इंग्लंडला जायचं तर दरवर्षी ७७६ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरायचा, आजारी पडा न पडा. शिवाय फीचे आणि राहण्याचे पैसे सलग अठ्ठावीस दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवायचं. ही अट ऐकून दाजी खळखळून हसले. “अरे, कारखान्याचं बिल माझ्या खात्यात अठ्ठावीस तास ऱ्हात नाय. वाटेतच सोसायटी कापून घेती.” इंग्लंड तिथेच बाद झालं. एका साम्राज्याला ऊसबिलाने नाकारल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

राहिलं जर्मनी. तिथे बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, ही बातमी आमच्या नातलगांत विजेसारखी पसरली आणि ‘जर्मनीत सगळं फुकट’ अशी स्थिरावली. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गने मात्र २०१७ पासून आपल्यासारख्या बाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लावलेत. तरी अमेरिकेच्या मानाने ते चहापाणीच. खरा खर्च राहण्याचा. त्यासाठी जर्मन सरकारने एक खातं काढायला लावलंय. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो त्यात आधीच भरून ठेवायचे, आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ तुम्हाला काढता येतात. पैसे आपले, खातं आपल्या नावाचं, पण एका महिन्यात हजार काढू म्हटलं तरी मिळत नाहीत. भाचीला हा अपमान वाटला. तिची आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “जर्मन लोक शहाणे दिसतात.”

या सासूबाईंबद्दल आधीच सांगायला हवं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पेन्शन चालू, बँकेची पासबुकं स्वतःच्या कपाटात. घरात त्यांच्याएवढी रोख कोणाकडेच नव्हती आणि ती किती होती हेही कोणाला माहीत नव्हतं.

दोन वर्षांचा हिशेब मांडला: राहण्याचे २३,८०८ युरो, चार सत्रांचे ६,०००, विमान, विमा, गरम कपडे. जर्मन वकिलातीसाठी आधी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे १८,००० रुपये वेगळे. सगळं मिळून तिसाला टेकलं. त्यातले वीस लाख बँकेचं कर्ज, असं ठरलं. उरलेल्यांचं पुढे बघू, असंही ठरलं. पुढे बघू हे आमच्या घराण्याचं सर्वात जुनं अर्थनियोजन आहे.

आता बँक. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत काही तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्याच्यावर गेलं की स्थावर किंवा ठेवी तारण ठेवाव्या लागतात. दाजींनी सातबाराचे उतारे, आठ-अ, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरात नीट लावून नेलं. चार एकर बागायत, बाजारभाव विचारला तर दाजी आकडा सांगत नाहीत, नुसते मिशीतल्या मिशीत हसतात. शाखा व्यवस्थापकाने फोल्डर आदराने चाळलं, चहा मागवला आणि सांगितलं की शेतजमीन तारण म्हणून चालत नाही. थकबाकीदाराची मालमत्ता ताब्यात घेण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीला लागूच नाही. बँकेला जी गोष्ट जप्त करता येत नाही, तिच्याकडे बँक बघत नाही. मग दाजींनी उत्पन्न पुढे केलं. व्यवस्थापक म्हणाला, तीन वर्षांची विवरणपत्रं द्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त. दाजींनी जन्मात विवरणपत्र भरलेलं नाही. “अहो, कारखान्याचं बिल तुमच्याच शाखेत जमा होतं की! तुम्हीच तर बघता!” व्यवस्थापकाचा चेहरा खरोखर कसानुसा झाला. “दाजी, मला दिसतंय. सिस्टीमला दिसत नाही.” (शाखेत सगळेच त्यांना दाजी म्हणतात. कराडात दाजी व्हायला नातं लागत नाही.)

अशा रीतीने चार एकर उसाचे धनी सिस्टीमच्या दृष्टीने निष्कांचन ठरले आणि शोधाशोध सुरू झाली ती पगारपत्रक असलेल्या माणसाची. ती माझ्यापाशी येऊन थांबली. माझा पुण्यातला फ्लॅट अजून अर्धा बँकेचा आहे, महिनाअखेरीला माझ्या खात्यात जे उरतं ते सांगण्यासारखं नाही. पण माझ्याकडे फॉर्म सोळा होता. दाजींकडे ऊस होता. जिंकला फॉर्म सोळा. मी सहकर्जदार झालो. या व्याजावर कलम ८०ई खाली करसवलत असते असं ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. ती स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि मुलांच्या शिक्षणासाठी असते, मामांचा त्यात उल्लेख नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर तीही नाही. कायदा लिहिणाऱ्यांना मामा या संस्थेची कल्पना नसावी.

तारणाला उरलं कराडातलं घर. ते आजोबांच्या नंतर तीन भावांच्या नावावर लागलेलं. दाजी तिथे राहतात, मधले काका इस्लामपूरला, धाकटे डोंबिवलीला. तिघांच्याही सह्या हव्यात. वाटणीचा विषय या घरात पंधरा वर्षं कोणी काढला नव्हता, म्हणूनच तिघांचे संबंध उत्तम होते. आता तो विषय न काढता तिघांच्या सह्या कशा घ्यायच्या, हा पेच. धाकट्या काकांना फोन कोणी करायचा यावर दोन दिवस गेले. शेवटी भाचीने स्वतः केला. काय बोलली कोण जाणे. काका रविवारी पहाटेच्या गाडीने हजर. सही करण्याआधी त्यांनी एकच अट घातली, की मुलीने जर्मनीला जाण्याआधी डोंबिवलीला आठ दिवस राहायला यायचं. व्याजाच्या मानाने ही अट फारच सौम्य होती.

सह्या झाल्या तरी बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचा शोध अहवाल बाकी होता. हे वकील तुमच्या घराचा तीस वर्षांचा इतिहास खणून काढतात. आमच्या इतिहासात त्यांना एक बोजा सापडला. आजोबांनी कुठल्याशा पतसंस्थेकडून कर्ज घेतलं होतं, घरच्यांच्या आठवणीप्रमाणे ते केव्हाच फेडलंही होतं, पण मालमत्ता पत्रकावरून बोजा उतरवायचा राहून गेलेला. पतसंस्था दुसऱ्या एका संस्थेत विलीन झालेली, ती दुसरी बंद पडलेली. दाजी कागद शोधत महिनाभर फिरले. ज्या दिवशी बेबाकी दाखला मिळाला त्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं, “पोरीच्या शिक्षणानं बापाचं कर्ज फिटलं बघ.” आजोबांचं कर्ज कशासाठी होतं, ते सासूबाईंनी नंतर सांगितलं: दाजींच्या डिप्लोमासाठी. तो दाजींनी दुसऱ्या वर्षाला सोडला होता. त्यानंतर दोन दिवस दाजी घरात कमी बोलले.

कर्जाच्या अटी मी दाजींना समजावून सांगायला बसलो, तेव्हा वाटलं होतं तास जाईल. शिक्षण चालू असताना आणि वर एक वर्ष हप्ता नाही, व्याज मात्र चढत राहतं. मग दहा वर्षं हप्ते. दाजींनी मध्येच थांबवलं. “म्हणजे आडसाली. लावायचा, अठरा महिने पाणी घालत बसायचं, सोसायटीचं व्याज चढतंय ते बघायचं, आणि तोड आली की मग मोजायचं.” मी पुण्यात सल्लागार म्हणवणाऱ्या तरुणांना तासभर फळ्यावर आकृत्या काढताना पाहिलंय. त्यांनी कराडला येऊन शिकवणी लावावी. आकडा मात्र आडसालीपेक्षा मोठा होता. वीस लाखांना दहा टक्क्यांनी दहा वर्षांत हप्ता येतो सव्वीस हजार चारशेच्या पुढे, आणि परतफेड एकूण जवळपास बत्तीस लाख; हप्ता सुरू होईपर्यंत चढलेलं व्याज त्यात नाही. दाजींनी कागदाच्या कोपऱ्यात हा आकडा उसाच्या टनांत काढून पाहिला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. किती टन ते मला सांगितलं नाही.

वीस लाख मंजूर झाले, पण परदेशी शिक्षणात बँक शंभर टक्के देत नाही. पंधरा टक्के आपले दाखवावे लागतात. ‘पुढे बघू’ ही वेळ आता आली होती. ताईने कपाटातून एक ठेवपावती काढली. वर पाकिटावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘लग्नाची’. मुलगी दुसरीत असल्यापासून दर दिवाळीला त्यात भर पडत गेलेली. आता ताई रडणार, समजावावं लागणार, म्हणून मी तोंड जरा गंभीर करून बसलो. ताई म्हणाली, “ही मोड. लग्न रजिस्टर पद्धतीनं करायचं म्हणतेच आहे ती, तर आता होऊनच जाऊ दे तसं.” दाजी एकदम उठले. “कुणी सांगितलं रजिस्टर?” पैसे कुठून आणायचे हा विषय बाजूला पडून कार्यालय, जेवणावळ, वऱ्हाडी किती यावर चर्चा सुरू झाली. वर मी म्हणालोच, लग्न ही हौस आहे.

तरीही पाचेक लाख कमी पडत होते. अशा वेळी कोणीतरी म्हाताऱ्या माणसाने पाटल्या काढून पुढे ठेवाव्यात, असा आपल्याकडे रिवाज आहे. साताऱ्याच्या मातीत तर तो जास्तच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट या जिल्ह्यातल्या पोरांना अक्षरओळखीआधी सांगतात. सासूबाईंनी तर ती वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेली. साहजिकच सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. सासूबाईंनी चष्मा पुसला. “मी लक्ष्मीबाई नाही हं. त्या थोर. माझी पाच लाखांची ठेव या महिन्यात मुदतीला येते आहे. पुन्हा ठेवली तर बँक मला तीन वर्षं साडेसात देईल, ज्येष्ठ नागरिकाचा अर्धा टक्का धरून. तुला मी आठनं देते. बँकेचं दहा आहे. दोघींचाही फायदा.”

खोलीत शांतता पसरली. दाजी म्हणाले, “आई, नातीला व्याज?” सासूबाई म्हणाल्या, “फुकट दिलेलं परत येत नाही, हे मी तुझ्या डिप्लोमात बघितलंय.” मला वाटलं भाची दुखावेल. तिने वही उघडली आणि आजीबरोबर बसून हप्ते ठरवले. करारनामा शाळेच्या दोनरेघी वहीच्या पानावर झाला. सहकर्जदार म्हणून माझी सही तिथेही घेण्यात आली. फॉर्म सोळा मागितला नाही, एवढाच काय तो फरक. मी मनाशी म्हटलं, या घरात पैसा पाहून कोणाचे डोळे भरून आले नाहीत हे फार बरं झालं. उपकारावर शिकलेल्या माणसाला जन्मभर सणावारी पाया पडायला जावं लागतं. आठ टक्क्यांवर शिकलेला माणूस ताठ उभा राहून शेवटचा हप्ता देतो.

ती गेली. जाताना पैसे पाठवण्यावरही कर असतो हे कळलं. तेव्हाच्या नियमाने सात लाखांपुढच्या रकमेवर, कर्जातून असली तर अर्धा टक्का टीसीएस. आमचे दोनेक हजार कापले गेले, दाजींच्या नावावर. ते परत हवेत तर विवरणपत्र भरा. कराडच्या सीएने त्याची फी सांगितली दीड हजार. दाजींनी पाचशे रुपयांच्या निव्वळ नफ्यासाठी आयुष्यातलं पहिलं विवरणपत्र भरलं आणि आता ते सिस्टीमला दिसतात. (१ एप्रिल २०२५ पासून कर्जाच्या पैशांवरचा हा टीसीएस गेला. दाजी म्हणतात, मी भरल्यावर गेला.)

पूर्वी दाजी सकाळी दोनच गोष्टी बघायचे: कोयनेची पाणीपातळी आणि कारखान्याची पहिली उचल किती निघाली. आता तिसरी बघतात, युरो. ती निघाली तेव्हा त्र्याण्णवच्या आसपास होता, वर्षभरात शंभरापार गेला. दुसऱ्या वर्षाचे ११,९०४ पुन्हा दाखवायचे असल्याने युरो एक रुपयाने चढला की आमचे ११,९०४ रुपये जातात, हे गणित त्यांना तोंडपाठ आहे. फ्रँकफर्टच्या मध्यवर्ती बँकेच्या बाईंचं नाव त्यांना माहीत आहे आणि तिच्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. भाची तिकडे विद्यापीठातच साहाय्यकाचं काम करते. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी असते. तिने पहिल्या कमाईतून आजीचं तीन महिन्यांचं व्याज पाठवलं. आजीने पोच दिली, पानावर नोंद केली, आणि मग शाल का घेतली नाहीस म्हणून अर्धा तास बोलल्या.

२०२५ च्या फेब्रुवारीपासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरवायला सुरुवात केली आणि जूनपर्यंत तो साडेसहावरून साडेपाचावर आला. बँकेचं कर्ज रेपोला बांधलेलं, त्यामुळे तिथे दहाचं नऊ झालं. त्या रविवारी भाचीने व्हिडिओ कॉल केला तो थेट आजीला.

“आजी, बँकेनं दर कमी केला. तू आठवरच?”

“माझं फिक्स्ड आहे बाळा. फ्लोटिंग हवं होतं तर तेव्हा बोलायचं.”

“पण सगळीकडे उतरलेत गं.”

“चढले असते तर तू मला नऊ देणार होतीस का?”

पलीकडून उत्तर येईना. दाजी मध्ये पडायला गेले, त्यांना हाताने गप्प बसवण्यात आलं. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि सांगितलं की पाव टक्का सवलतीचा विचार होऊ शकतो, परंतु त्यासाठी कारणांसह लेखी अर्ज लागेल, आणि त्यावर सहकर्जदाराची सही लागेल. अर्ध्या तासात मला श्टुटगार्टहून निरोप आला, मामा, येत्या शनिवारी कराडला जाणार आहेस का, आणि जाताना निळं शाईपेन ने, काळ्या सहीला आजी झेरॉक्स समजते.